विश्लेषण : एका नमुन्यात शेकडो रसायने कशी शोधतात? शेगावच्या पाण्यापासून मिखाईल त्स्वेत यांच्या काचनळीपर्यंत

आपल्या पाण्यात नेमके काय मिसळले आहे, हा प्रश्न २०२५ च्या जानेवारीत शेगाव तालुक्यातील गावांना पडला होता. या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्या अनेक यंत्रांच्या मुळाशी खडूची पूड भरलेली एक काचनळी आहे. ती वापरणारे मिखाईल त्स्वेत हे वनस्पतिशास्त्रज्ञ होते. हयातीत त्यांच्या पद्धतीवर फार थोड्यांनी विश्वास ठेवला. युद्धामुळे एका शहरातून दुसऱ्या शहरात हलत राहिलेला हा माणूस वयाच्या अवघ्या ४७ व्या वर्षी गेला. त्यांचे आयुष्य आणि आजची पाणी तपासणी यांचा संबंध काय, याविषयी...

शेगाव तालुक्यात काय घडले होते?

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांतील लोकांचे केस अचानक गळू लागले. आधी डोक्याला खाज, मग केस राठ होणे आणि काही दिवसांतच टक्कल, असा क्रम होता. लहान मुलांपासून वृद्धांपर्यंत आणि तरुण मुलींनाही हा त्रास झाला. माध्यमांत या प्रकाराला ‘टक्कल व्हायरस’ असे नाव पडले, त्यामुळे भीती आणखी वाढली. पुढे काही जणांच्या नखांनाही त्रास सुरू झाला.

पहिला संशय पाण्यावर गेला. तो स्वाभाविकही होता. शेगाव तालुका पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात येतो आणि इथल्या भूजलातील क्षारांची तक्रार जुनी आहे. आरोग्य विभागाने पाण्याचे नमुने घेतले, त्वचेचे नमुने तपासले. पाण्यात नायट्रेट आणि क्षार मर्यादेपेक्षा जास्त असल्याचे सांगण्यात आले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथकही गावांत पोहोचले. विंचूदंशावरील संशोधनासाठी ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतंत्रपणे तपासणी केली आणि रेशनच्या गव्हातील सेलेनियमकडे बोट दाखवले.

त्या दिवसांत गावकऱ्यांचा प्रश्न एकच होता. पाणी तपासले, मग त्यात काय आहे ते का कळत नाही?

‘पाणी तपासले’ म्हणजे नेमके काय तपासले?

नेहमीच्या तपासणीत पाण्याची आम्लता, क्षार, कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराइड, जंतू अशा ठरावीक बाबी पाहतात. प्रत्येक बाबीसाठी वेगळी चाचणी असते. म्हणजे नमुन्याला एकेक प्रश्न विचारला जातो आणि तेवढ्याचेच उत्तर मिळते. जे विचारले नाही, ते अहवालात येत नाही.

सेंद्रिय प्रदूषकांबाबत ही अडचण जास्त जाणवते. इथे सेंद्रिय या शब्दाचा सेंद्रिय शेतीशी संबंध नाही. कार्बनच्या सांगाड्यावर उभी असलेली संयुगे, असा त्याचा अर्थ. कीटकनाशके, तणनाशके, बुरशीनाशके, औषधांचे अंश, प्लास्टिकमधून झिरपणारी द्रव्ये, डिझेलमधील घटक हे सगळे त्यात येते. त्यांची संख्या हजारोंत आहे. पाण्यात ती फार थोड्या प्रमाणात असतात, पण थोडी असली तरी काही घातक ठरू शकतात.

भारतीय मानक ब्युरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात मोनोक्रोटोफॉसची मर्यादा लिटरमागे १ मायक्रोग्रॅम आहे, डीडीटीचीही तेवढीच, तर फोरेटची २ मायक्रोग्रॅम. दहा हजार लिटरच्या टँकरचा हिशेब केला, तर १ मायक्रोग्रॅमची मर्यादा म्हणजे संपूर्ण टँकरमध्ये फक्त १० मिलिग्रॅम. चिमूटभर मीठसुद्धा यापेक्षा कितीतरी जास्त भरते. इतके थोडे द्रव्य, तेही इतर शेकडो द्रव्यांच्या गर्दीत शोधायचे असेल, तर आधी ती गर्दी पांगवावी लागते. गर्दी पांगवण्याची ही युक्ती त्स्वेत यांची.

मिखाईल त्स्वेत कोण होते?

मिखाईल सेम्योनोविच त्स्वेत यांचा जन्म १४ मे १८७२ रोजी इटलीतील आस्ती या गावी झाला. वडील रशियन सरकारी अधिकारी, आई इटालियन. प्रवासात असतानाच हा जन्म झाला आणि त्यानंतर थोड्याच काळात आईचे निधन झाले. मुलाचे बालपण आणि शिक्षण स्वित्झर्लंडमध्ये झाले. रशियन आडनावाचा, इटलीत जन्मलेला आणि फ्रेंच भाषेत शिकलेला हा मुलगा कुठल्याच एका देशाचा नव्हता.

जिनिव्हा विद्यापीठातून त्यांनी १८९३ मध्ये पदवी घेतली आणि वनस्पतींच्या पेशींवर काम करून १८९६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी ते वडिलांच्या देशात, सेंट पीटर्सबर्गला गेले. वय २४, हातात नामांकित विद्यापीठाची डॉक्टरेट. नोकरी सहज मिळायला हवी होती.

ती मिळाली नाही. रशियात परदेशी पदव्यांना मान्यता नव्हती. विद्यापीठात शिकवायचे असेल तर रशियन पदव्या नव्याने मिळवाव्या लागत. त्स्वेत पुन्हा परीक्षार्थी झाले. १९०१ मध्ये कझान विद्यापीठातून त्यांनी मास्टरची पदवी घेतली. डॉक्टरेट दुसऱ्यांदा मिळायला तर १९१० साल उजाडले. पहिल्या आणि दुसऱ्या डॉक्टरेटमध्ये १४ वर्षांचे अंतर पडले.

हिरव्या पानाने कोणते कोडे घातले?

त्स्वेत यांचा विषय होता हरितद्रव्य, म्हणजे पानाला हिरवा रंग देणारे द्रव्य. त्यांना एक साधी विसंगती खटकली. शुद्ध केलेले हरितद्रव्य पेट्रोलियम ईथर या द्रवात सहज विरघळते. पण तोच द्रव ताज्या पानावर ओतला, तर हिरवा रंग जवळजवळ उतरतच नाही, फक्त थोडा पिवळा रंग येतो. द्रवात किंचित अल्कोहोल मिसळले, की मात्र हिरवा रंग भराभर उतरतो.

द्रव्य तेच, द्रवही तोच, मग पानातून रंग का सुटत नाही? त्स्वेत यांनी असा निष्कर्ष काढला, की हरितद्रव्य पानातील कणांच्या पृष्ठभागाला धरून बसते. अल्कोहोल ही पकड सोडवते. पृष्ठभागाला चिकटण्याच्या या क्रियेला अधिशोषण म्हणतात. पुढची पायरी त्यांच्या लक्षात आली ती अशी : प्रत्येक द्रव्याची पकड जर कमी-अधिक असेल, तर त्या फरकाच्या जोरावर मिश्रणातील द्रव्ये एकमेकांपासून वेगळी करता येतील.

१९०२ च्या सुमारास ते वॉर्सा विद्यापीठात साहाय्यक म्हणून रुजू झाले. पोलंडची आजची ही राजधानी तेव्हा रशियन साम्राज्यात होती. तिथे त्यांनी शंभराहून अधिक प्रकारच्या पुडी तपासल्या. कोणती पूड रंग धरून ठेवते, कोणती सोडून देते, कोणती बिघडवते, याची नोंद ते ठेवत गेले.

काचनळीत काय दिसले?

प्रयोगाचे साहित्य साधे होते. अरुंद काचनळीत खडूची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची बारीक पूड घट्ट भरायची. पानांचा रंगीत अर्क वरून ओतायचा. मग वरून शुद्ध द्रव सोडत राहायचे. सुरुवातीच्या काही नळ्या तर जेमतेम दोन-तीन मिलिमीटर रुंद होत्या.

द्रव खाली झिरपू लागला, की वर एकत्र असलेला हिरवा रंग फाटत जाई. पिवळे पट्टे, निळसर हिरवा पट्टा, पिवळसर हिरवा पट्टा असे एकाखाली एक स्वतंत्र थर दिसू लागत. हिरवे दिसणारे पान अनेक रंगद्रव्यांचे मिश्रण आहे, हे नळीत डोळ्यांनी पाहता येत होते. पूड बाहेर काढून पट्टे कापले, की प्रत्येक द्रव्य वेगळे हाती लागे.

हे समजून घेण्यासाठी शेगाव रेल्वे स्थानक डोळ्यांसमोर आणता येईल. गाडीतून दोनशे भाविक एकदम उतरतात आणि मंदिराकडे निघतात. काही थेट चालत सुटतात. काही कचोरीच्या दुकानावर थांबतात. काही चहा घेतात, मग फुले-प्रसादाच्या दुकानात रेंगाळतात. स्थानकावर एकत्र असलेली गर्दी मंदिराच्या दारापर्यंत आपोआप पांगलेली असते. दारात घड्याळ घेऊन उभ्या असलेल्या माणसाला कोण कधी पोहोचले, यावरून कोण कुठे थांबले असावे याचा अंदाज येतो.

इथे रस्ता म्हणजे काचनळी, दुकाने म्हणजे खडूचे कण आणि दुकानाची ओढ म्हणजे अधिशोषण. ज्या द्रव्याला खडूची ओढ जास्त, ते मागे राहते. ओढ कमी असलेले पुढे जाते. एकाही द्रव्याचे नाव आधी माहीत असण्याची गरज नाही. मिश्रण स्वतःच आपले घटक वेगळे करून दाखवते. एकेक प्रश्न विचारणाऱ्या जुन्या रसायनशास्त्रापेक्षा ही पद्धत इथे वेगळी ठरली.

क्रोमॅटोग्राफी हे नाव कुठून आले?

२१ मार्च १९०३ रोजी, जुन्या रशियन पंचांगानुसार ८ मार्चला, त्स्वेत यांनी वॉर्सातील निसर्ग अभ्यासकांच्या सभेत हे काम पहिल्यांदा मांडले. १९०६ मध्ये जर्मन वनस्पतिशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात त्यांचे दोन लेख आले आणि त्यांत या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव मिळाले. ग्रीक भाषेत क्रोमा म्हणजे रंग आणि ग्राफेन म्हणजे लिहिणे. मराठीत तिला वर्णलेखन म्हणतात. योगायोग असा, की रशियन भाषेत त्स्वेत या शब्दाचा अर्थही रंग असाच होतो.

मात्र ही पद्धत फक्त रंगीत द्रव्यांपुरती नाही, रंगहीन द्रव्येही याच नियमाने वेगळी होतील, हे त्स्वेत यांनी तेव्हाच ओळखले होते. आज पाण्यात शोधली जाणारी बहुतेक प्रदूषके रंगहीनच असतात.

मग जगाने दुर्लक्ष का केले?

पहिले कारण त्यांच्या विषयाचे. त्स्वेत वनस्पतिशास्त्रज्ञ होते आणि बोलत होते रसायनशास्त्राबद्दल. हरितद्रव्यावर काम करणारे पोलिश रसायनशास्त्रज्ञ लिऑन मार्खलेव्स्की यांनी त्यांच्यावर कडक टीका केली. पुडीतून अर्क गाळण्यासारख्या साध्या प्रयोगातून रसायनशास्त्रातील मोठे प्रश्न सुटतात, हे त्यांना पटत नव्हते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार होता, कारण तो जर्मनीच्या रिखार्ड विलश्टेटर यांच्याकडून आला. वनस्पतींच्या रंगद्रव्यांवरील कामासाठी त्यांना १९१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. नळीतील पुडीमुळे हरितद्रव्याचे रूपच बदलते, अशी त्यांची शंका होती. चुकीची पूड वापरली तर तसे होतेही. म्हणूनच त्स्वेत यांनी शंभरावर पुडी तपासून सौम्य पूड निवडली होती. पण एका बाजूला नोबेल विजेता आणि दुसऱ्या बाजूला वॉर्सातील शिक्षक, अशा वादात कोणाचे ऐकले जाणार हे उघड होते.

तिसरे कारण भाषेचे आणि प्रमाणाचे. त्स्वेत यांनी आपले सगळे काम एकत्र करून १९१० मध्ये मोठा ग्रंथ लिहिला, तो रशियन भाषेत. पश्चिम युरोपातील फार थोड्या रसायनशास्त्रज्ञांना ती भाषा येत होती. शिवाय काचनळीतून हाती लागणारे द्रव्य अगदी थोडे असे. त्या काळच्या रसायनशास्त्रज्ञांना विश्लेषणासाठी काही ग्रॅम द्रव्य लागायचे. जी गोष्ट आज या पद्धतीचे बळ मानली जाते, ती तेव्हा दोष ठरली.

रशियात मात्र या ग्रंथाची दखल घेतली गेली. त्याच्याच आधारे त्यांना वॉर्सातून दुसरी डॉक्टरेट मिळाली आणि १९११ मध्ये विज्ञान अकादमीचे पारितोषिकही मिळाले.

युद्धाने काय हिरावून घेतले?

त्स्वेत १९०८ पासून वॉर्सा पॉलिटेक्निकमध्ये शिकवत होते. पहिल्या महायुद्धात, १९१५ मध्ये जर्मन सैन्य वॉर्सात आले. संस्था मॉस्कोला हलवण्यात आली, पुढे १९१६ मध्ये निझ्नी नोवगोरोदला. प्रयोगशाळा मागे राहिली. संशोधन थांबले. उरलेली शक्ती संस्थेची घडी बसवण्यात आणि वर्ग चालू ठेवण्यात गेली.

१९१७ मध्ये त्यांना आजच्या एस्टोनियातील तार्तू येथे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापकपद आणि वनस्पती उद्यानाचे संचालकपद मिळाले. ज्या पदासाठी दोन डॉक्टरेट कराव्या लागल्या, ते पद वयाच्या ४५ व्या वर्षी हाती आले. ते वर्षभरही नीट टिकले नाही. १९१८ मध्ये जर्मन सैन्य तार्तूतही पोहोचले आणि विद्यापीठातील रशियन प्राध्यापकांना वोरोनेझला जावे लागले. तोपर्यंत रशियात यादवी युद्ध पेटले होते आणि त्स्वेत यांची प्रकृती ढासळली होती. २६ जून १९१९ रोजी वोरोनेझमध्ये त्यांचे निधन झाले.

१९१८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलसाठी नेदरलँड्सच्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाने त्यांचे नाव सुचवले होते. त्या वर्षीचे पारितोषिक गेले फ्रिट्झ हाबर यांना, हवेतील नायट्रोजनपासून अमोनिया बनवण्याच्या पद्धतीसाठी. युरियासह आजची बहुतेक नत्रखते त्याच पद्धतीवर उभी आहेत. शेतातून भूजलात उतरणाऱ्या नायट्रेटचा एक मोठा स्रोत हीच खते आहेत. एका अर्थी, खत देणाऱ्याला त्या वर्षी पारितोषिक मिळाले आणि मिश्रण उलगडणारा मागे राहिला.

मृत्यूनंतर पद्धत पुन्हा कशी उभी राहिली?

त्स्वेत यांच्या निधनानंतर बारा वर्षे उलटली. १९३१ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे रिखार्ड कून आणि तरुण संशोधक एडगर लेडरर यांनी अंड्याच्या बलकातील आणि गाजरातील पिवळ्या-नारिंगी द्रव्यांचे घटक वेगळे केले. वापरली ती त्स्वेत यांचीच काचनळी. लेडरर यांच्या हाती त्स्वेत यांच्या रशियन ग्रंथाचे जर्मन भाषांतर आले होते. हे भाषांतर पूर्वी करवून घेतले होते विलश्टेटर यांनी. ज्यांच्या शंकेमुळे पद्धत मागे पडली, त्यांच्याच कपाटातील कागदांमुळे ती पुन्हा पुढे आली. कून यांना १९३८ चे नोबेल मिळाले.

त्यानंतर वेग वाढला. १९४१ मध्ये इंग्लंडमधील लीड्स येथे आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांनी पद्धतीला नवे रूप दिले. त्यासाठी त्यांना १९५२ चे नोबेल मिळाले. त्याच वर्षी मार्टिन आणि अँथनी जेम्स यांनी द्रवाऐवजी वायू वापरणारी गॅस क्रोमॅटोग्राफी मांडली. वाफ होऊ शकणारी द्रव्ये वायूच्या झोताबरोबर लांब, बारीक नळीतून धावू लागली.

रंगापासून कीटकनाशकांपर्यंत ही पद्धत कशी पोहोचली?

१९५७ मध्ये जेम्स लव्हलॉक यांनी गॅस क्रोमॅटोग्राफीच्या टोकाला बसणारा नवा शोधक बनवला. क्लोरीन असलेली संयुगे तो अत्यंत कमी प्रमाणातही टिपत असे. डीडीटी आणि त्याच्या कुळातील कीटकनाशकांत क्लोरीन असते. त्यामुळे माती, पाणी, मासे, पक्षी, दूध यांत या कीटकनाशकांचे अंश जागोजागी सापडू लागले. रेचल कार्सन यांनी १९६२ मध्ये कीटकनाशकांचा प्रश्न जगापुढे मांडला. त्या वादात पुढे जी मोजमापे कामी आली, ती अशा यंत्रांतून आली.

तरी एक अडचण होती. मंदिराच्या दारात दोन माणसे एकाच वेळी पोहोचली, तर फक्त घड्याळ पाहून ओळख पटत नाही. ओळखपत्र लागते. रसायनांसाठी ते काम मास स्पेक्ट्रोमीटर करतो. नळीतून बाहेर पडलेल्या द्रव्यावर इलेक्ट्रॉनचा मारा केला, की त्याचे ठरावीक तुकडे होतात. तुकड्यांची वजने म्हणजे जणू त्या द्रव्याचा अंगठा. १९५० च्या दशकाच्या मध्यात ही दोन यंत्रे जोडली गेली आणि वेळ व ओळख दोन्ही एकत्र मिळू लागले.

आज एका नमुन्याची तपासणी कशी होते?

पाण्याचा नमुना स्वच्छ काचेच्या, शक्यतो गडद रंगाच्या बाटलीत घेतात आणि थंड ठेवून प्रयोगशाळेत नेतात. प्लास्टिकची बाटली टाळतात, कारण तिच्यातील द्रव्ये पाण्यात उतरू शकतात.

तिथे साधारण अर्धा ते एक लिटर पाणी एका छोट्या नळीतून सोडतात. नळीत खास पूड भरलेली असते. सेंद्रिय द्रव्ये पुडीला चिकटतात, पाणी निघून जाते. मग थोडासा द्रव वापरून ती द्रव्ये सोडवून घेतात. एक लिटरमधले द्रव्य एक मिलिलिटरमध्ये आले, तर ते हजार पट दाट झाले. पूड, नळी आणि पकड सोडवणारा द्रव, ही १९०३ चीच मांडणी आहे.

हा दाट अर्क पुढे दोन वाटांनी जातो. वाफ होणारी द्रव्ये गॅस क्रोमॅटोग्राफीकडे, पाण्यात सहज विरघळणारी किंवा उष्णतेने बिघडणारी द्रव्ये लिक्विड क्रोमॅटोग्राफीकडे. दोन्हींच्या टोकाला मास स्पेक्ट्रोमीटर असतो. अर्ध्या-एक तासात यंत्र शेकडो द्रव्यांची यादी तपासते. गॅस क्रोमॅटोग्राफीसाठी वापरल्या जाणाऱ्या संदर्भ संग्रहात तीन लाखांहून अधिक संयुगांचे ठसे आहेत. धान्य, फळे, भाजीपाला यांच्यासाठी २००३ पासून वापरात आलेली क्वेचर्स ही सोपी पद्धतही आहे. त्यात नमुना वाटून, द्रव व क्षार घालून, हलवून आणि घुसळून अर्क वेगळा करतात.

यादी पुरेशी असते का? द्राक्षांनी काय शिकवले?

महाराष्ट्राला याचा अनुभव २०१० मध्ये आला. युरोपात निर्यात झालेल्या द्राक्षांत क्लोरमेक्वॅट क्लोराइडचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले. वेलीची वाढ आवरण्यासाठी बागायतदार हे वाढनियंत्रक वापरत. लिहोसिन या नावाने ते परिचित आहे. आपल्याकडे निर्यातीपूर्वी द्राक्षांची तपासणी होत होती, पण तपासायच्या यादीत हे रसायन नव्हते. शिवाय ते अशा प्रकारचे आहे, की नेहमीच्या एकत्रित तपासणीत सहज पकडले जात नाही. निर्यातदार आणि बागायतदारांना मोठा फटका बसला. पुढे ते यादीत आले. द्राक्षांतील अंश तपासणीचा तांत्रिक आधार पुण्याजवळील मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची प्रयोगशाळा देते.

विदर्भाचा अनुभव याहून कडू आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. एकाच पंपात दोन-तीन औषधे मिसळून फवारण्याची पद्धत तेव्हा चर्चेत आली. शेतात मिश्रण फवारले जात असेल, तर पाण्यातही मिश्रणच शोधावे लागणार.

म्हणून आता यादीशिवाय शोधण्याकडे कल आहे. अतिसूक्ष्म वजन मोजणारी यंत्रे नमुन्यात दिसलेल्या प्रत्येक द्रव्याचे वजन दशांश चिन्हापुढे चार अंकांपर्यंत नोंदवतात. त्यावरून सूत्राचा अंदाज बांधतात. ही नोंद साठवून ठेवता येते. उद्या एखाद्या नव्या रसायनाचा संशय आला, तर जुन्या नोंदी पुन्हा चाळता येतात.

शेगावच्या गावांसाठी याचा अर्थ काय?

पहिली गोष्ट, ही पद्धत सर्वज्ञ नाही. सेलेनियम हे मूलद्रव्य आहे, सेंद्रिय संयुग नाही. शेगावच्या नमुन्यांत शेकडो कीटकनाशके शोधली असती, तरी त्या यादीत सेलेनियम उमटले नसते. त्यासाठी प्लाझ्माच्या प्रचंड उष्णतेत नमुन्याचे अणू सुटे करणारे वेगळे यंत्र लागते. पाण्यावर संशय असताना गहूही तपासावा, हे तर यंत्र सांगत नाही. ते माणसालाच सुचावे लागते.

दुसरी गोष्ट, यंत्राने नाव सुचवले म्हणजे ते सिद्ध झाले असे नाही. त्या रसायनाचा शुद्ध नमुना त्याच यंत्रात चालवून वेळ आणि ठसा दोन्ही जुळले, तरच खात्री होते.

तिसरी गोष्ट वेळेची. फवारणी पावसाळ्यात होते. विहिरीत काय उतरले हे पाहायचे, तर नमुना पहिल्या पावसानंतर, फवारणीच्या दिवसांत आणि उन्हाळ्यात असा वर्षातून अनेकदा घ्यावा लागतो. संकट आल्यावर एकदाच घेतलेली बाटली त्या एका दिवसाचेच चित्र दाखवते.

त्यामुळे पाण्याचा अहवाल हाती आला, की तीन प्रश्न विचारणे गावकऱ्यांच्या हिताचे आहे. नमुना कधी आणि कुठून घेतला? त्यात कोणकोणती द्रव्ये शोधली? आणि सापडले नाही असे लिहिले असेल, तर किती कमी प्रमाणापर्यंत शोधले होते? या तीन उत्तरांशिवाय पाणी चांगले किंवा वाईट, हा शेरा अपुरा असतो.

वोरोनेझमध्ये एका मठाच्या आवारात आज त्स्वेत यांचे स्मारक आहे.  पाण्याचा, दुधाचा किंवा द्राक्षांचा नमुना तपासायला जातो, तेव्हा तो कुठेतरी पूड भरलेल्या एका नळीतून जातोच.